श्रीगाडगेमहाराज : कष्टातले आरोग्य व समाधान

प्रपंचातल्या माणसाच्या आयुष्याचे तीन भाग केले, तर मधला भाग सर्वांत अवघड. बालपण आईबापांच्या जिवावर जाते, म्हातारपण लेकासुनांच्या आधाराने जाते. पण पंचविशीपासून साठीपर्यंतची जी ३५ वर्षे, ती ज्याची त्यालाच ओढावी लागतात. शेत असो, कारखाना असो, कचेरी असो की दुकान असो, सकाळी उठून स्वतःला जुंपून घ्यायचे, संध्याकाळी थकून घरी यायचे, आणि मध्ये केव्हातरी औषधाची गोळी घ्यायची, असा क्रम चाललेला असतो. देवाचे पुढे बघू, वारीचे पुढे बघू, प्रकृतीचेही पुढे बघू. आणि हे पुढे येते कधी? देह खचल्यावर येते. कीर्तन झाल्यावर बुक्का लावून घ्यायला येणारी कर्ती माणसे आम्हांला मोक्षाविषयी क्वचितच विचारतात. झोप लागत नाही, कामात जीव रमत नाही, पैसा येतो पण त्याचे सुख लागत नाही, हेच गाऱ्हाणे फार.

आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेतले, त्यामुळे शब्दाची फोड करून पाहण्याची आम्हांला खोडच आहे. निरोगी माणसाला संस्कृतात स्वस्थ म्हणतात. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहिलेला. जो आपल्या ठायी राहिला तो स्वस्थ. मराठीत आपण ह्या शब्दाचे काय केले पाहा! स्वस्थ बसला म्हणजे हातावर हात ठेवून बसला, काही केले नाही, असा अर्थ झाला. तीच गत सुख शब्दाची. निरुक्तकार यास्काचार्यांनी इंद्रियांना जे हितकर ते सुख अशी त्याची फोड केली आहे. इंद्रियांना गोड लागते ते सुख असे त्यांनी म्हटलेले नाही. हित आणि गोडी यांची गल्लत झाली, आणि स्वस्थ असणे व स्वस्थ बसणे यांची गल्लत झाली, की माणूस एक तर कामाने मरतो नाहीतर आरामाने मरतो.

ही गल्लत शास्त्राने सोडवता येईल. पण शास्त्रापेक्षा चरित्र लवकर पटते. म्हणून ज्यांनी जन्मभर कष्ट केले, कधी हातावर हात ठेवून बसले नाहीत, आणि तरीही ज्यांच्याइतका स्वस्थ पुरुष गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल, त्या श्रीगाडगेमहाराजांचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. जात परीट. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आणि मुलाचे नाव ठेवले डेबूजी. घर काही अगदीच दरिद्री नव्हते, पण झिंगराजींना दारू लागली. दारूचा एक गुण असा, की ती एकट्या पिणाऱ्याला पीत नाही, सबंध घराला पिते. गाठीचा पैसा गेला, होते नव्हते ते गेले, मग अंगातले बळ गेले, आणि १८८४ साली झिंगराजी गेले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा. पुढे ५० वर्षे ज्या महात्म्याने गावोगाव दारूविरुद्ध कंठशोष केला, त्याने हा विषय पोथीतून घेतला नव्हता. बापाच्या खाटेजवळ उभा राहून घेतला होता.

सखुबाई लेकराला घेऊन माहेरी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढला. अक्षराची ओळख झाली नाही, शाळेचे तोंड पाहिले नाही. पहिली विद्या गुरे राखण्याची, दुसरी शेताची. वऱ्हाडातली ती काळी जमीन. पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यात नांगर, वखर, तिफण ह्यांची कामे डेबूजी शिकला आणि थोड्याच वर्षांत मामाच्या शेताचा खरा आधार झाला. पूर्णा नदीत पोहण्यात पटाईत, अंगाने दणकट, रात्री भजनात पुढे. दिवसा शेत आणि रात्री टाळ असा तो दिवसांचा क्रम. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे लेकरे झाली. म्हणजे चारचौघांसारखा प्रपंच मांडला गेला.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण पुष्कळ लोक बाबांचे चरित्र झाडू आणि गाडग्यापासून सुरू करतात. आमच्या मते ते खरे सुरू होते ते ह्या शेतात. शेतातला कष्टकरी डेबूजी समजला नाही, तर पुढचे गाडगेबाबा समजत नाहीत.

मामाच्या घरात सुख होते, पण मुळाशी किडा लागला होता. चंद्रभानमामा सरळ मनाचे. सावकाराचे देणे फेडीत गेले, पण पावत्या घेतल्या नाहीत. घरात कोणाला लिहिता वाचता येत नव्हते. एक दिवस उघड झाले ते असे, की जमीनच हातची गेली. मामांनी हाय खाल्ली आणि त्या दुखण्यातच ते गेले. देहाला कोणता रोग झाला होता हे वैद्याने सांगितले असेल. पण कारण विचाराल तर कर्ज. सावकाराने शेताचा ताबा घ्यायला माणसे आणली, तेव्हा डेबूजीने औत सोडले नाही. एकट्याने त्या जमावाला तोंड दिले आणि पळवून लावले. पुढे तडजोड झाली व काही जमीन घराकडे राहिली, असे चरित्रकार सांगतात. पंचक्रोशीत त्यांचे नाव झाले. पण त्यांच्या मनात ह्या प्रसंगाने एक गोष्ट खोल रुतली ती अशी, की कष्ट करणारा माणूस कष्टाने मरत नाही. तो व्यसनाने मरतो, कर्जाने मरतो आणि अक्षरशत्रू राहिल्याने मरतो. बापाला पहिल्याने नेले, मामाला दुसऱ्या आणि तिसऱ्याने.

पुढे कीर्तनात त्यांनी जे जे सांगितले ते ह्या तिहींच्या पोटात येते. लग्नासाठी ऋण काढू नका, तेराव्यासाठी काढू नका, फार काय तीर्थयात्रेसाठीही काढू नका, हे सांगणारा कीर्तनकार विरळा. कारण यात्रेविरुद्ध बोललासे वाटून श्रोते बिथरतील ही भीती प्रत्येकाला असते. बाबांना ती नव्हती. विठोबा कर्जाने येणाऱ्याची वाट पाहत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मुलगी झाली तेव्हाची एक गोष्ट आहे. बारशाच्या जेवणाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू हवी. पंक्ती बसल्या, आणि डेबूजीने वाढले गोडाचे जेवण. जातभाई रागावले. परंतु ज्याने बाप दारूत गमावला, त्याने लेकीच्या पाळण्याखाली दारू वाढावी हे शक्यच नव्हते. गावाचा रिवाज मोडायला सभा लागत नाही, आपल्या घरची एक पंक्त पुरते, हा धडा त्यांनी तेथे दिला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले.

वाचकहो, येथे चरित्रकार बहुधा हात जोडून पुढे जातात. आम्हांला तसे जाता येत नाही. आमच्या संप्रदायाने घर सोडायला कधी सांगितलेले नाही. सावतामहाराज मळ्यात राहिले, गोरोबाकाका चाकावर राहिले, नरहरी सोनार दुकानात राहिले, सेनामहाराजांनी धोपटी खाली ठेवली नाही, नाथांनी पैठणात गृहस्थाश्रम साजरा केला, आणि तुकोबाराय दुष्काळात दिवाळे निघूनही देहूतच राहिले. मग तरणीताठी बायको, लहान लेकरे आणि म्हातारी आई टाकून गेलेल्या पुरुषाला आम्ही संत म्हणावे ते कोणत्या तोंडाने? हा प्रश्न आम्हांला एका आजीने भर कीर्तनात विचारला होता, आणि तो खोटा नव्हता.

ह्याचे उत्तर असे, की बाबांच्या घर सोडण्याचे अनुकरण प्रापंचिकाने मुळीच करू नये. कुंताबाईंनी जे सोसले ते कमी नाही. त्यांच्या कष्टांची पोथी कोणी लिहिली नाही एवढेच. सखुबाईंनी पोराला बापाविना वाढवले, आणि पुन्हा पोराविना दिवस काढले. हे सारे बाबांच्या पुण्याच्या खात्यात नुसते जमा धरून चालणार नाही. त्या खात्यात ह्या दोन बायकांचा मोठा वाटा आहे. पण बाबा घरातून गेले ते कष्ट टाळायला गेले नाहीत, हेही तितकेच खरे. संसाराला कंटाळून झाडाखाली बसणारे पुष्कळ असतात. त्यांना विरक्ती नव्हे, आळस झालेला असतो. बाबांनी एक शेत सोडले आणि अवघ्या महाराष्ट्राचे शेत अंगावर घेतले. ५१ वर्षे ते त्यात राबले.

घर सोडल्यावर १२ वर्षे ते अनोळखी फिरत होते. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीचा तुकडा, एका हातात काठी, दुसऱ्यात मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यावरून नाव पडले. भूक लागली म्हणजे भाकरी मागत, पण आधी काम करीत. कोणाची लाकडे फोडून देत, कोणाचे अंगण झाडून देत, कोणाच्या शेतात बैल अडला असेल तर खांदा देत. मग गाडग्यात जे पडेल ते खात. लोक वेडा म्हणत. ज्याने काम आधी केले आणि भाकरी मागून घेतली, तो वेडा. आणि जो काम न करता पंगतीला आधी बसला, तो शहाणा, हा जगाचा न्याय जुनाच आहे.

पुढे ऋणमोचनला त्यांचे दर्शन लोकांना झाले. पूर्णेच्या काठी हे क्षेत्र. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. नदीवर स्नानाला उतरावे तर चिखल, वर यावे तर घसरण. बायाबापड्या, म्हातारी माणसे पडत. देवाला आलेला माणूस देवाच्या दारात पाय मोडून घेतो, हे हजारोंनी पाहिले होते, आणि चुकचुकून सोडून दिले होते. बाबांनी फावडे घेतले आणि माती ओढून वाट करायला लागले. घरची माणसे यात्रेला आली होती, त्यांनी ओळखले. आई रडली, परत चल म्हणाली. बाबा परत गेले नाहीत; फावडेही थांबले नाही. १९०८ साली त्या नदीवर घाट बांधला गेला. पाय न घसरणे हेही आरोग्यच, आणि ते ज्याने दिले त्याने धर्मच केला.

आता झाडूविषयी. बाबा गावात आले म्हणजे आधी कोणाच्या घरी जात नसत. वेशीपासून झाडायला लागत. दिवसभर गटारे, उकिरडे, देवळाचा परिसर, पाणवठ्याची जागा साफ करायची आणि रात्री कीर्तन करायचे. पुष्कळांना वाटते, की झाडणे हे नम्रतेचे सोंग होते. तसे नव्हते. इंग्रजी अमदानीत आपल्या मोठ्या यात्रांत पटकी येत असे. पंढरीच्या वारीत तिने किती वारकरी नेले ह्याच्या आठवणी आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत घरोघर होत्या. पटकी पसरते ती घाण पाण्यात गेल्याने. वाळवंटात लाखो माणसे उतरायची, तेथेच शौच व्हायचे, तेथेच स्नान आणि त्याच पाण्याचे तीर्थ. देवाने रोग पाठवला असे म्हणत माणसे मरायची. बाबा लिहायला वाचायला शिकले नव्हते, पण घाण आणि मरण यांचा सांधा त्यांनी ओळखला होता. आषाढी-कार्तिकीला ते पंढरपुरात असत. गर्दी राउळाकडे धावे आणि बाबा वाळवंट नि रस्ते झाडीत असत. देव भेटला की नाही हे ज्याचे त्याला ठाऊक. पण त्यांच्या झाडूमुळे कोणा आईचे लेकरू वारीतून जिवंत घरी आले असेल, तर विठाईने तेवढे दर्शन पुरेसे मानले असेल असे आम्हांला वाटते.

ह्या झाडण्याचा दुसरा गुण झाडणाऱ्याच्या देहाला लागू पडला. आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. गृहस्थाने ब्रह्मचर्य म्हणजे संयम समजावा. बाबांच्या जीवनात हे तिन्ही खांब कसे उभे होते पाहा. आहार काय, तर गाडग्यातली भाकरी नि चटणी किंवा कालवण, तेही भूक लागल्यावर. श्रीमंताघरी पक्वान्नाची ताटे मांडली तरी ते बाहेर जाऊन कोणा गरिबाच्या दारची भाकरी मागत. निद्रा कशी, तर दिवसभर झाडून आणि मध्यरात्रीपर्यंत कीर्तन करून जी अंगाला येईल ती. तिला गादी लागत नसे. संयमाविषयी तर बोलायलाच नको. पैसा त्यांच्या नावाने लाखांनी जमला, पण त्यातला एक आणा गाडग्यात पडला नाही.

आज कामाचे स्वरूप बदलले आहे. पुष्कळांचे काम बसून असते. डोळे शिणतात, मान आखडते, पण घाम येत नाही. पोट भुकेने मागत नाही, घड्याळ मागते. अंग दमत नाही, डोके दमते; म्हणून अंथरुणावर पडले तरी झोप येत नाही. अशा माणसाने काय करावे, तर दिवसातून एक काम असे करावे, ज्यात हात मळतील आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही. स्वतःच्या दारापुढचा रस्ता झाडा, देवळातल्या समया घासा, विहिरीचा काठ साफ करा. व्यायाम तर होईलच. पण ज्या कामाचा पगार मिळत नाही, तेच काम माणसाला पगाराच्या कामाचा शीण घालवून देते, हा आमचा अनुभव आहे. मात्र वर्षातून एकदा झाडू हातात धरून छायाचित्र काढून घेणे, ह्याला आम्ही काम म्हणत नाही.

बाबांचे कीर्तन कसे असे? आमच्या धंद्यातली ही गोष्ट, म्हणून जरा बारकाईने सांगतो. त्यांच्या कीर्तनाला ना पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी, ना शास्त्रार्थ. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. देवाला नवसाचा बकरा का कापता, दारूने कोणाचे भले झाले, शिवाशिव देवाने सांगितली की माणसाने, पोर शाळेत का जात नाही, असे ते प्रश्न. हजारो माणसे एका तोंडाने होय आणि नाही म्हणत, आणि म्हणता म्हणता स्वतःच्याच तोंडून स्वतःला पकडून देत. पोराच्या शिक्षणासाठी घरातली भांडी गेली तरी चालतील, कपड्यालत्त्यात काटकसर करा, पण पोराला शिकवा, हा आग्रह ते नित्य धरीत. मामांची जमीन एका न वाचलेल्या कागदात गेली होती, हे ते विसरले नव्हते. आम्ही व्याकरण घोकून कीर्तनकार झालो. पण श्रोत्याच्या मनातला प्रश्न श्रोत्याच्या तोंडी आणणे हे पाणिनी शिकवीत नाही. कीर्तनाची बिदागी ते घेत नसत. आम्हां कीर्तनकारांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे, आणि बिदागी घेणे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दिवसभर गावासाठी राबून मग रात्री गावाला उपदेश करणारा जो माणूस, त्याच्या शब्दाला जे वजन येते ते आमच्या शब्दाला का येत नाही, ह्याचा विचार प्रत्येक कीर्तनकाराने वीणा गळ्यात घालण्यापूर्वी करावा.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे होते. तेव्हा त्यांचा एकुलता उरलेला मुलगा गोविंदा वारल्याची बातमी तेथे आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. कोणी ह्याला कठोरपणा म्हणेल. आम्ही तसे मानत नाही. ज्याला दुःख होत नाही तो संत नव्हे, दगड आहे. पण समोर हजार माणसे बसली असता, त्यांतल्या कित्येकांची लेकरे अशीच गेलेली असता, आपलेच दुःख मोठे धरून बसायचे की हातातले काम पुरे करायचे, हा निर्णय त्या क्षणी त्यांना करावा लागला. स्वस्थ शब्दाचा अर्थ आम्ही वर सांगितला; तो अशाच वेळी कसाला लागतो. घरात मृत्यू झाल्यावर पुष्कळ कर्ती माणसे पुन्हा उभी राहतात ती औषधाने नव्हे. गाईला चारा घालायचा असतो, दुकान उघडायचे असते, म्हणून उभी राहतात. काम हे दुःखाचे औषध नव्हे, पण दुःखात धरायला तो एक खांब आहे.

त्यांनी उभ्या केलेल्या कामांची यादी द्यायची तर हे पान पुरणार नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या; आमच्या कित्येक वारकरी बंधूंनी तेथे पाठ टेकली आहे. १९२५ साली मूर्तिजापूरला गोरक्षण उभे केले. आंधळेपांगळे, महारोगी, अनाथ यांना अन्न-वस्त्र मिळावे म्हणून सदावर्ते घातली. पंढरपुरात ज्यांना देवळाचीच नव्हे तर धर्मशाळेचीही दारे बंद होती, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि ती १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी सर्व संस्थांची व्यवस्था गाडगेमहाराज मिशनकडे सोपवली. आपल्या कुटुंबातल्या कोणाचा ह्या संस्थांवर काडीचा हक्क राहू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. इतकी घरे बांधणाऱ्याने स्वतःसाठी एक खोली बांधली नाही.

त्यांतही १९५४ सालचे एक काम आमच्या विषयाला फार जवळचे आहे. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. खेड्यातून आजारी माणसाला घेऊन येणाऱ्याची मुंबईत काय दशा होते, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. रोग्याला खाट मिळते. पण त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोला, भावाला पाठ टेकायला जागा नसते. ती माणसे रस्त्याच्या कडेला निजतात, मिळेल ते खातात, आणि रोगी बरा होण्याआधी तीच आजारी पडतात. डॉक्टरने रोग्याकडे पाहिले, बाबांनी त्याच्या उशाशी बसलेल्याकडे पाहिले. घरातला कर्ता माणूस हा बहुधा उशाशी बसणारा असतो. त्याच्या प्रकृतीकडे कोणी पाहत नाही, तो स्वतःही पाहत नाही. वाचकांत जे असे उशाशी बसणारे असतील त्यांना आमची विनंती आहे, की दोन घास वेळेवर खावे आणि चार घटका निजावे. त्यात स्वार्थ नाही.

त्याच १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला महाविद्यालय काढले आणि त्याला सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले. अमरावतीचे विद्यापीठही आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि २००० सालापासून महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावाने चालवले. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या नावाने पदवी मिळते, ही पांडुरंगाची मौज आहे.

उतारवयात देह कुरकुरू लागला. आजारपणे आली, औषधे आली. कष्ट करणाऱ्याला रोग होत नाही असे कोणी समजू नये. देह आहे तेथे रोग आहे. पण रोग देहाला झाला, मनाला त्यांनी होऊ दिला नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे निर्वाण झाले, तो घाव मोठा होता. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. मरणही वाटेत आले, घरात नाही आणि अंथरुणावरही नाही. अमरावतीला त्यांची समाधी आहे.

आता ह्या चरित्रातून आम्ही प्रापंचिकांनी काय घ्यावे? गोधडी घेऊ नये, गाडगेही घेऊ नये. ते ज्याचे त्याला शोभले. डेबूजींनी दापुऱ्याच्या शेतात जे साधले ते घ्यावे. दिवसा मन लावून काम, रात्री भजन, घरात दारूचा थेंब नाही, अंगावर कर्ज नाही, प्रत्येक कागद वाचल्याशिवाय अंगठा नाही, आणि शेजाऱ्याचा बैल अडला तर आपला खांदा. एवढे ज्याच्या घरी आहे त्याला सुखाचा पत्ता वेगळा विचारावा लागत नाही. दुसरे असे, की घरात जो कष्टतो त्याच्याकडे वळून पाहावे. कुंताबाई प्रत्येक घरात आहे. तिच्या हातातला झाडू एक दिवस आपण घेतला, तर बाबांना ते देवळातल्या आरतीइतके आवडेल.

आणि वारीविषयी एक. यंदा पंढरीला जाल तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटात आपली घाण टाकू नका, आणि दुसऱ्याने टाकलेली दिसली तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. वाकून उचला. तेवढ्या वाकण्यात दंडवतही होतो आणि व्यायामही होतो. आणि मागून येणाऱ्या एखाद्या लेकराचे आयुष्यही वाढते. बाबा ह्याच वाळवंटात वाकले होते.

रामकृष्णहरि.